भित्र्याचे हाड, धीटाचे हाड

ठाण्यातल्या वर्तकनगरच्या साईबाबा मंदिरापासून पोखरण रोडच्या दिशेने चालत गेले की दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या दिसू लागतात, आणि अलीकडे त्यांतल्या अनेकींवर इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात) हा शब्द असतो. म्हाडाच्या इमारतींत राहणारी, आसपासच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घातलेली पिढी आता कवळीला कंटाळून ‘फिक्स दात’ बसवायला या पायऱ्या चढते. सोबत येणारी मुलगी किंवा जावई धीर देतात : ‘बाबा, मन घट्ट ठेवा. घाबरलात तर स्क्रू हाडात धरणार नाही.’ खुर्चीशेजारचे डॉक्टरही बहुधा तेच वेगळ्या शब्दांत सांगतात : ‘टेन्शन घेऊ नका, पॉझिटिव्ह राहा, लवकर भरून येईल.’

मन प्रसन्न असेल तर हाड जुळते, मन भ्यायलेले असेल तर जुळत नाही, असे हे मत आहे. ते प्रेमापोटी बोलले जाते, म्हणून त्याला कोणी हरकत घेत नाही. मला ती घ्यायची आहे. उद्या स्क्रू हलला, तर या मताप्रमाणे दोष भ्यायलेल्या माणसाचा ठरतो, आणि तो माणूस ते खरे मानतो.

पूर्वपक्ष दुबळा नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली, एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. 1998 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की परीक्षेच्या काळातली जखम भरायला सरासरी 40 टक्के अधिक वेळ लागला आणि एकही विद्यार्थी त्याला अपवाद नव्हता. ताण तोंडातल्या जखमेपर्यंत पोहोचतो, हे मी नाकारत नाही.

पण या प्रयोगातून काय सिद्ध होते ते नीट पाहावे. जखम टाळूच्या अस्तराची होती, हाडाची नव्हती. ताण परीक्षेचा, म्हणजे दिवसेंदिवस चालणारा होता. खुर्चीत बसतानाच्या तासाभराच्या भीतीचा नव्हता. जखम भरायला तीन दिवस जास्त लागले, पण ती भरली. यावरून ‘घाबरलात तर स्क्रू निघेल’ असे म्हणणे ही तीन पायऱ्या गाळून मारलेली उडी आहे.

हाड टायटॅनियमला धरते हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना 1952च्या सुमारास सशांच्या हाडावर काम करताना उमगले, आणि 1965 साली यस्टा लार्सन हे टायटॅनियमचे इम्प्लांट बसवलेले पहिले रुग्ण ठरले. 2006 साली ते वारले तेव्हाही ते दात वापरात होते. त्या पहिल्या इम्प्लांटनंतरच्या संशोधनात अपयशाची जी कारणे पुढे आली ती अगदी रोकडी आहेत. ड्रिलमुळे हाड 47 अंशांच्या पुढे मिनिटभर तापले तर तिथल्या पेशी मरू लागतात. म्हणून ड्रिल चालताना थंड सलाइनची धार सोडतात. स्क्रू सुरुवातीच्या आठवड्यांत साधारण दीडशे मायक्रॉनपेक्षा जास्त हलत राहिला तर हाडाऐवजी तंतूंचा पापुद्रा तयार होतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जुने हाड झिजत असते आणि नवे पुरते आलेले नसते, तेव्हा पकड सगळ्यात सैल असते. भित्र्याचीही आणि धीटाचीही. याशिवाय ताब्यात नसलेला मधुमेह आहे आणि तंबाखू आहे. आपल्याकडे बिडी-सिगारेटबरोबर मिश्रीचाही हिशेब धरला पाहिजे. ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नाला रोज दोनदा मिश्री लावणारी आजी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते.

मग भीती निरुपद्रवी आहे का? मुळीच नाही. पण ती हाडात शिरून काम करत नाही, माणसाच्या वागण्यातून करते, आणि तिचे सर्वांत मोठे नुकसान ऑपरेशनच्या फार आधी होऊन गेलेले असते. दाढ काढल्यावर तिथल्या हाडाची रुंदी वर्षभरात जवळजवळ निम्मी होते, आणि त्यातला दोन तृतीयांश ऱ्हास पहिल्या तीन महिन्यांतच होतो. भीतीने इम्प्लांट पुढे ढकलणाऱ्याचे हाड असे जाते. शिवाय ‘वरची दाढ काढली की डोळे जातात’ या समजुतीने किडलेली दाढ वर्षानुवर्षे अंगावर काढणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. दातांची संवेदना नेणारी नस आणि दृष्टीची नस पूर्ण वेगळ्या आहेत. पण हे कोणी शांतपणे सांगितलेले नसते, आणि तोवर संसर्गाने हाड खाल्लेले असते.

दुसरे नुकसान स्मृतीत होते. जेरी केंट यांनी 1985 साली दाखवले, की घाबरणाऱ्या रुग्णांना तीन महिन्यांनी आठवणारी वेदना त्यांनी त्या दिवशी स्वतः नोंदवलेल्या वेदनेपेक्षा जास्त असते. त्यांच्या आठवणीत प्रत्यक्ष अनुभवाऐवजी आधीची अपेक्षाच उरते. असा माणूस पुढच्या तपासणीला येत नाही, टाक्यांच्या जागी ब्रश लावायला धजत नाही आणि मन शांत करायला पुन्हा तंबाखूची पुडी उघडतो. हाडाचे नुकसान इथे होते, आणि ‘पॉझिटिव्ह राहा’ या सल्ल्याने यातले काहीच थांबत नाही.

थांबते ते सांगण्याने. भूल वेदना थांबवते, पण दाब आणि थरथर थांबवत नाही. हे एक वाक्य आधी कानावर पडले नसेल तर ड्रिलची पहिली घरघर लागताच माणूस समजतो की भूल चढलेली नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. हे ठाऊक नसलेला माणूस तिसऱ्या दिवशी आरशात पाहतो आणि सगळे फसले असे धरून चालतो. हात वर केला की डॉक्टर थांबतील, एवढा करार झाला तरी खुर्चीतली असहायता कमी होते.

यावर डॉक्टरांचा आक्षेप ठरलेला असतो : जास्त सांगितले की लोक जास्त घाबरतात. त्यात तथ्य आहे. अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेची चित्रफीत आधी पाहिलेल्या रुग्णांची भीती, नुसते तोंडी समजावलेल्यांपेक्षा जास्त होती, असे 2015 सालच्या एका तुर्की अभ्यासात आढळले. आदल्या रात्री मोबाइलवर ऑपरेशनचे व्हिडिओ पाहणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. 1976 साली ऑअरबाख आणि सहकाऱ्यांना दंतशस्त्रक्रियेत असेही दिसले, की आपले भले-बुरे आपल्या हाती आहे असे मानणाऱ्यांना तपशीलवार माहिती मानवते आणि तसे न मानणाऱ्यांना मोघम. म्हणजे प्रश्न किती सांगायचे एवढाच नाही. कोणाला किती, हा आहे. त्यासाठी आधी माणसाला विचारावे लागते. कोरा यांनी 1969 साली केलेल्या आणि हम्फ्रिस यांनी 1995 साली सुधारलेल्या प्रश्नावलीत फक्त पाच प्रश्न आहेत, 19 किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे तीव्र भीती. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या ती भरून होते. वेळ नाही, ही सबब इथे टिकत नाही. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली ती याच ठाण्यात; भीतीबद्दल मोकळेपणाने बोलण्याची सवय या शहराला नवी नाही. ती दातांच्या दवाखान्यात का शिरू नये?

आणि प्रत्येक भीती खोटीच असते असेही नाही. खालच्या जबड्यात स्क्रू बसवल्यावर भूल उतरायची वेळ टळून गेली तरी ओठ आणि हनुवटी बधिर राहिली, तर जबड्यातली नस दाबली गेलेली असू शकते. अशा वेळी पहिल्या एक-दोन दिवसांतच स्क्रू काढण्याचा निर्णय घ्यावा लागतो; उशीर झाला तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. ‘मन घट्ट ठेवा’ हे मनावर घेतलेले गृहस्थ मात्र टाके काढण्याच्या तारखेपर्यंत गप्प बसतात, कारण तक्रार केली तर आपण घाबरट ठरू, असे त्यांना वाटते.