गोष्टी घरी परतल्या तेव्हा

पंचतंत्रातल्या प्राण्यांच्या गोष्टी पहलवी, अरबी, फारसी असा प्रवास करत फ्रान्सला पोचल्या. तिथल्या ला फोंतेनने १६६८ साली आपल्या बोधकथांचं पहिलं पुस्तक सहा वर्षांच्या राजपुत्राला अर्पण केलं. १६७८ च्या पुढच्या भागात तर त्याने ‘पिल्पे’ या भारतीय ज्ञान्याचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं.

खरी गंमत पुढेच! १८३७ च्या सुमारास एका फ्रेंच पुस्तकप्रेमीने ला फोंतेनच्या कथांची चित्रं करून घेतली, ती थेट लाहोरात. रणजितसिंहाच्या पदरच्या फ्रेंच सेनानी आलार याच्यामार्फत काम इमाम बख्शकडे आलं. जलरंगांत त्याने हे प्राणी पुन्हा आपल्या मातीत आणले. ती चित्रं आज ला फोंतेनच्या जन्मगावच्या, शातो-तिएरीच्या संग्रहालयात आहेत.

मुलांना गोष्ट सांगताना आपण विष्णुशर्म्याचं नाव घेतो. चित्र दाखवताना इमाम बख्शचंही घेऊया ना!