दोन मिलिमीटरच्या भुंगेऱ्याचं बारसं

भाताच्या खाचरातलं गढूळ पाणी पांढऱ्या ताटलीत ओतलं, की काही काळसर ठिपके सैरावैरा धावू लागतात. त्यातले बरेचसे हायड्रोफिलिडी कुळातले पाणभुंगेरे असतात. कुजका पाला आणि शेवाळ हे त्यांचं अन्न. पोटाखाली हवेचा चकाकता थर धरून ते पोहतात आणि श्वासासाठी वर आले, की गदेच्या आकाराच्या शृंगिकेने पाण्याचा पृष्ठभाग फोडतात. शृंगिका अशी हवा घेण्याच्या कामाला लागल्यामुळे चाचपडायचं काम तोंडाजवळच्या लांब स्पर्शकांकडे आलं आहे. जगभरात या कुळातल्या तीन हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यातल्या कित्येक तांदळाच्या दाण्याहून लहान आहेत.

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशोब १७५८ पासून, म्हणजे स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या वर्गीकरणग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून धरतात. लिनियसने या कुळातला युरोपातला मोठा काळा भुंगेरा शिकारी पाणभुंगेऱ्यांच्याच पंगतीत बसवला होता. दोघांना वेगळं करायचं काम पुढच्यांनी केलं.

या इतिहासाशी भारताचा किनारा फार लवकर जोडला गेला. लिनियसचा शिष्य योहान ख्रिश्चन फॅब्रिशिअस तेव्हा डॅनिश राजाच्या अंमलाखाली असलेल्या कीलमध्ये प्राध्यापक होता. तमिळ किनाऱ्यावर त्रांकेबार, म्हणजे आजचं तरंगमबाडी, ही डॅनिश वसाहत होती. तिथले डॉक्टर आणि अधिकारी युरोपात कीटक पाठवत. डाल्डॉर्फ नावाचा डॅनिश अधिकारी त्यातलाच एक. फॅब्रिशिअसने आयुष्यभरात जवळपास दहा हजार कीटकांना नावं दिली. १८०१ साली त्याने 'हायड्रोफिलस अटेन्युएटस' असं नाव दिलेला चिमुकला पाणभुंगेरा आज 'रेजिंबार्शिया अटेन्युएटा' म्हणून ओळखला जातो.

पण त्या काळची वर्णनं लॅटिनमधल्या एकदोन ओळींची असत. रंग काळा, अंग गुळगुळीत, पाय तांबूस. मोठ्या, ठळक कीटकाला एवढं पुरतं. दोन मिलिमीटरच्या तपकिरी भुंगेऱ्यांच्या बाबतीत मात्र तेच वर्णन डझनभर जातींना लागू पडतं. परिणामी एका नावाखाली अनेक जाती दडल्या, आणि एकाच जातीला दोन-दोन नावंही मिळाली.

ही कोंडी फोडण्यात डेव्हिड शार्प या इंग्रज डॉक्टरचा वाटा मोठा आहे. १८९० मध्ये त्याने श्रीलंकेतल्या पाणभुंगेऱ्यांवर निबंध लिहिला. पुढे १९१२ मध्ये फ्रेडरिक म्यूर याच्याबरोबर त्याने भुंगेऱ्यांच्या नरांच्या जननेंद्रियांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. वरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन जातींमध्ये हा अवयव अनेकदा स्पष्टपणे वेगळा असतो. टोक बोथट की अणकुचीदार, बाजूच्या पाकळ्या सरळ की वाकलेल्या, यावर जातीचा निवाडा होऊ लागला. माझ्या मते या भुंगेऱ्यांच्या अभ्यासातलं हे सर्वांत मोठं वळण. बेल्जियमच्या आर्मां डॉर्शिमाँ याने तर आयुष्य याच गटाला वाहिलं. भारतीय कीटकांच्या सरकारी सूचीतला या गटाचा भाग त्यानेच तयार केला आणि तो १९२८ मध्ये कलकत्त्याहून निघाला.

आजही नवी जात लिहिताना हीच वाट चालावी लागते. नमुना आधी मऊ करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने पोटाच्या टोकातून तो अवयव काढायचा, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात स्वच्छ करायचा आणि त्याचं चित्र काढायचं. त्यानंतर येतं खरं जिकिरीचं काम, म्हणजे आधी नाव मिळालेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी ताडून पाहणं. त्यासाठी लागतो मूळ प्रमाणनमुना, म्हणजे ज्यावरून ते नाव दिलं गेलं तो नमुना. फॅब्रिशिअसचे नमुने कोपनहेगनला, शार्पचे लंडनला, डॉर्शिमाँचे ब्रसेल्सला. भारतातल्या ओढ्यात सापडलेल्या भुंगेऱ्याची ओळख पटवायला युरोपातल्या कपाटांचे दरवाजे ठोठावावे लागतात, हे वास्तव अजून पूर्ण सरलेलं नाही.

एका पिढीने ठेवलेलं काम पुढची पिढी उचलते, याचं चांगलं उदाहरण म्हणजे 'ॲग्राफिड्रस' ही प्रजाती. फ्रान्समधल्या मॉरिस रेजिंबार या डॉक्टरने ती १९०३ मध्ये उभी केली. यातले भुंगेरे बहुतेक ओढ्यांच्या काठी राहणारे, जेमतेम काही मिलिमीटरचे. या प्रजातीची नीट उजळणी व्हायला शतकाहून जास्त काळ गेला. २०१८ मध्ये कोमारेक आणि हेबाउअर यांनी चीन व तैवानमधल्या जाती तपासून काढल्या, तेव्हा संग्रहालयांत पडून असलेल्या नमुन्यांमधूनही नव्या जाती बाहेर आल्या.

नाव दिल्याने काय साधतं, हे त्या 'रेजिंबार्शिया'ने दाखवून दिलं. जपानच्या कोबे विद्यापीठातल्या शिंजी सुगिउरा यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलं, की बेडकाने गिळलेला हा भुंगेरा आतड्यातून पाय मारत पुढे सरकतो आणि मागच्या दाराने जिवंत बाहेर पडतो. प्रयोगातले ९० टक्क्यांहून जास्त भुंगेरे सहा तासांत सुटले, सर्वांत चपळ तर सहा मिनिटांत. मेणाने पाय चिकटवलेले मात्र आतच मेले. जपानमधलं हे निरीक्षण भारतातल्या अभ्यासकालाही उपयोगी पडतं, कारण प्रजातीचं नाव बदललं तरी १८०१ पासून या जातीची ओळख 'अटेन्युएटस/अटेन्युएटा' या एकाच जातिनामाशी बांधलेली आहे.

महाराष्ट्रात पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात हेमंत घाटे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पाणभुंगेऱ्यांवर चिकाटीने काम केलं आहे. असं काम आणखी दहा ठिकाणी व्हायला हवं. प्राणिशास्त्र विभागांच्या कपाटांत वर्षानुवर्षं गोळा झालेले कीटक आहेत. कसर आणि बुरशी लागून ते वाया जाण्याआधी त्यांची नोंद करा, आणि नव्या प्रत्येक नमुन्याखाली ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी टोचा. तेवढी चिठ्ठी नसेल, तर अगदी नव्या जातीचा भुंगेराही अभ्यासकाच्या फारसा कामाचा राहत नाही.