आंब्याफणसांचा धनी

शाळांच्या भिंतींवर आणि वनखात्याच्या फलकांवर शिवछत्रपतींची वृक्षविषयक आज्ञा म्हणून जो मजकूर रंगविलेला आढळतो, तो वस्तुतः रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला, म्हणजे १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत लिहिलेला आहे. मात्र अमात्यांनी थोरल्या महाराजांच्या दरबारी उमेदीची वर्षे घालविली असल्यामुळे त्या धोरणाचे मूळ तेथे शोधणे गैरवाजवी नव्हे. ध्यानात घेण्याजोगे हे की, तो मजकूर आरमाराच्या प्रकरणात येतो. गलबतांना आणि डोलकाठ्यांना लाकूड कोठून पुरवावे, ही लिहिणाऱ्याची विवंचना आहे. वनश्रीचे स्तोत्र गाण्यास तो बसलेला नाही. सागवानासारखे अरण्यातले लाकूड हुजुराच्या परवानगीने तोडावे, अधिक लागले तर परमुलखातून विकत आणावे. आंबा आणि फणस आरमाराच्या उपयोगी पडत असले तरी त्यांच्या वाटेस जाऊ नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत उभी राहत नाहीत आणि रयतेने त्यांना लेकरांसारखा जीव लावलेला असतो, असा त्याचा आशय. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालेच, तर त्याच्या धन्याची समजूत घालून व मोबदला देऊन ते घ्यावे. जबरदस्तीला थारा नाही. झाडाला अभय मिळाले ते लावणाऱ्याच्या हक्काच्या आडोशाने, हे मला या कलमाचे मर्म वाटते.

इंग्रजी अमलात हा धनी कोण, याचेच उत्तर ठिकठिकाणी बदलत गेले. रत्नागिरीचा कलेक्टर डनलॉप याने १८२४ साली जाहीरनामा काढून सागवानासह झाडांवरील सरकारी हक्क जमीनधारकांच्या पदरात टाकला. हेतू उदार असेल. पण मुंबईची सरपणाची भूक मोठी होती, गलबतांची वाहतूक सोयीची होती, आणि पुढे डोंगरचे डोंगर उघडे पडले. त्या जिल्ह्यात सरकारी जंगल आजही अत्यल्प आहे, त्याचे एक कारण या जाहीरनाम्यात आहे. घाटावर याच्या उलट प्रकार होता: किती तरी गावांत खातेदाराच्या स्वतःच्या बांधावर उभा असलेला साग, शिसव किंवा चंदन सरकारच्या मालकीचा, आणि सावली तेवढी खातेदाराची! १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारी हक्काची ही चौकट अधिकच आवळली, आणि जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर ताशेरे ओढले ते त्यानंतर थोड्याच वर्षांनी. या सगळ्या धामधुमीत देवरायांना मात्र ना जाहीरनाम्याची गरज पडली, ना शिपायाची. तेथील वाळकी काटकी उचलतानाही माणसाचा हात कापत असे.

पुढे १९६४ साली महाराष्ट्र शासनाने वृक्षतोडीच्या नियमनाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, खैर, ऐन, किंजळ यांच्या पंगतीला आंबा आणि फणस पुन्हा येऊन बसले. अमात्यांच्या काळी आंबा हवा असेल तर सरकारने धन्याला राजी करावयाचे होते. आता परसातला आजोबांनी लावलेला आंबा तोडावयाचा झाल्यास धन्यानेच वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करून परवानगीची वाट पाहावयाची असते.