सुश्रुतोक्त मद्यपान आणि कंठशल्य

जठरांत दुर्बीण घालण्यापूर्वीं हल्लीं मिडाझोलामसारखें गुंगीचें औषध शिरेंतून देतात. याचें मूळ सुश्रुतसंहितेंत दाखविण्याचा मोह कित्येकांस होतो. आधार सूत्रस्थानाच्या १७ व्या अध्यायाचा. शस्त्रकर्मापूर्वीं रोग्यास भोजन द्यावें, मद्यपी असल्यास तीक्ष्ण मद्य पाजावें, असें तेथें आहे खरें. पण तेवढेंच वचन तोडून घेणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ५ व्या अध्यायांत उदर, अर्श, अश्मरी, मुखरोग इत्यादिकांत रोगी उपाशी असावा, असा स्पष्ट अपवाद आहे. साम्य काढावयाचेंच तर या उपवासाशीं काढावें. दुर्बिणीपूर्वीं आजही पोट रिकामेंच ठेवितात.

कंठशल्याचा विधि तर २७ व्या अध्यायांत निराळाच सांगितला आहे. लाखेचें शल्य अडकल्यास कंठांत नाडी घालून तींतून तापविलेली शलाका लावावयाची व पाण्यानें निववून शल्यासह ओढावयाची. हाड अडकल्यास दोऱ्यास बांधलेला केसांचा गुंडा द्रव अन्नाबरोबर गिळवून वांति करवावयाची, आणि शल्य गुंतलें असें कळतांच दोरा हिसडावयाचा. गुंगलेल्या रोग्याकडून हें कसें व्हावें? घास अडकला असतां मद्य सांगितलें आहे, परंतु स्नेह किंवा पाणी यांच्या विकल्पानें. अर्थात् तें घास उतरविण्यापुरतें.