विमेदाराचें गुपित

नागपूरच्या रामदासपेठेंत व शेजारच्या धंतोलींत आज रुग्णालयांची एवढी दाटी झाली आहे कीं, साऱ्या विदर्भांतून रोगी तिकडे येतात. शस्त्रक्रिया होते, चार-आठ दिवस जातात, आणि विमा असेल तर बिलाचा मोठा भाग विमाकंपनी भरते. परंतु पक्षाघातानें अंथरुणाला खिळलेला किंवा स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध घरीं परतला, म्हणजे त्याला उठविणें, न्हाऊं घालणें, भरविणें ह्याचा खर्च वर्षानुवर्षें चालतो. आणि सामान्य आरोग्यविमा ही सेवा आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. असा विमा खासगी व्यवहारांत कठीण कां, ह्याचें एक कारण फार जुनें आहे. विमा उतरविणाऱ्याला स्वतःविषयीं जें ठाऊक असतें, तें विमा देणाऱ्याला ठाऊक नसतें.

एकोणिसाव्या शतकांत विलायती कंपन्या हिंदी माणसाचें आयुष्य कमी प्रतीचें मानून त्याच्याकडून भारी जादा हप्ता घेत. एकेकाची पारख करावयाची सोडून साऱ्या समाजालाच दंड! १८७० मध्यें मुंबईंत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल सोसायटीनें हिंदी लोकांचा विमा सर्वसामान्य दरानें उतरविला. पुढें १८७४ मध्यें ओरिएंटल कंपनी निघाली, आणि १९१३ मध्यें साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनीं वेस्टर्न इंडिया कंपनी काढली. मृत्युमानाचीं कोष्टकें जसजशीं तयार होतात, तसतसा समाजाविषयींचा अंधार हटतो. पण हजारांत किती मरतील एवढेंच कोष्टक सांगतें. कोण मरेल, तें सांगत नाहीं. त्याची थोडीफार चाहूल ज्याची त्यालाच असते. म्हणून डॉक्टरची तपासणी आली, घराण्यांतल्या रोगांविषयींचे प्रश्न आले, आणि दावा दाखल होतांच जुनीं उत्तरें उकरून काढण्याचा मोहही आला. ह्या मोहाला १९३८ च्या विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानें आवर घातला. दोन वर्षें लोटल्यावर, लबाडी सिद्ध केल्यावांचून, केवळ चुकीच्या माहितीचें निमित्त करून पॉलिसी नाकारतां येईना. २०१५ च्या दुरुस्तीनें ही मुदत तीन वर्षांची झाली, व त्यानंतर मात्र कोणत्याही कारणानें वाद काढण्याची वाट बंद केली.

शुश्रूषेच्या विम्यांत हें गुपित अधिकच खोल. हप्ता सर्वांना सारखा ठेवला, तर ज्याची आई व आजी दोघीही स्मृति गमावून गेल्या तो धांवत येतो. धडधाकट माणूस दूर राहतो. खर्च वाढतो, हप्ता चढतो, आणि उरलेले निरोगीही निघून जातात. पासष्टीपुढच्या माणसांना विमा मिळणें कठीण कां, तें जॉर्ज ॲकर्लॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० मधल्या निबंधांत ह्याच न्यायानें उलगडलें.

अनुभव मात्र इतका सरळ नाहीं. एमी फिंकेलस्टाइन व कॅथलीन मॅकगॅरी यांनीं २००६ मध्यें अमेरिकेंतील वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढच्या पांच वर्षांत शुश्रूषागृहांत जावें लागेल काय, ह्याचा वृद्धांनीं स्वतः केलेला अंदाज कंपनीच्या अंदाजांत नसलेलें कांहीं सांगत होता. तरीही विमा घेतलेले लोक इतरांपेक्षां अधिक संख्येनें शुश्रूषागृहांत गेले नाहींत! कारण विमा घेणारे दोन जातींचे होते. एक, आपल्या दुखण्याची चाहूल लागलेले. दुसरे, जात्याच सावध. सावध माणूस विमाही घेतो आणि प्रकृतीलाही जपतो. दोन्ही गुपितें एकमेकांना झांकून टाकीत होतीं, आणि नुसते दावे मोजणाऱ्याला सारें आलबेल दिसलें असतें. २०१३ मध्यें नेथन हेंड्रन यांनीं दाखविलें कीं, कंपन्या ज्यांना दारांतूनच परत लावतात, त्या रोग्यांत हें गुप्त ज्ञान इतकें मोठें असतें कीं कोणताही दर परवडूं नये.

भारतांत १९८६ मध्यें मेडिक्लेम आला, तो रुग्णालयाच्या खाटेपुरता. जुन्या दुखण्यांसाठीं प्रतीक्षाकाळ ठेवून कंपन्यांनीं गुपिताविरुद्ध कुंपण घातलें. २०२४ मध्यें नियामकानें तो जास्तींत जास्त तीन वर्षांवर आणला आणि नव्या ग्राहकांवरील वयाची अटही काढली. त्याच वर्षीं सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेंत पांच लाखांचें संरक्षण मिळालें. हेंही रुग्णालयापुरतेंच.

जर्मनीनें १९९५ मध्यें शुश्रूषेचा विमा सक्तीचा केला. रोगी व निरोगी दोघेही आंत, मग निवडीला जागाच कोठें? आपल्याकडे २००७ च्या कायद्यानें आईबापांच्या निर्वाहाची सक्ती मुलांवर केली आहे. रामदासपेठेंतल्या घरांत आजोबांचें विसरणें कोणापासून लपत नाहीं. पण रात्रीं उठून त्यांना सांवरते ती बहुधा एकटी सून किंवा मुलगी, आणि तिच्या नांवें कोणी हप्ता भरलेला नसतो.