दोन कुत्री, एक फळी

१८६२ साली लंडनच्या रॉयल मेडिकल अँड कायरर्जिकल सोसायटीच्या समितीने सारख्या आकाराची दोन कुत्री एकाच फळीला बांधून पाण्यात बुडवली. एकाची श्वासनलिका बूच घालून बंद केली होती, दुसऱ्याची मोकळी होती. दोन मिनिटांनी दोघांना वर काढलं. बूच घातलेलं लगेच सावरलं, दुसरं मेलं. बुडून मेलेल्या कुत्र्यांच्या फुप्फुसांत पाणी, रक्त आणि फेस असा काला सापडला. नुसती हवा तुटली तर जीव जवळपास चार मिनिटं तग धरतो, पण पाणी आत गेलं की दीड मिनिटातच खेळ आटोपतो, हे या प्रयोगांतून कळलं.

मी जनावरांचा डॉक्टर, अलिबागकडचा. हा प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो, पण माझ्या कामाचा पाया तोच, हे नाकारता येत नाही.

त्याच्याही आधी, १६६७ मध्ये, रॉबर्ट हूकने रॉयल सोसायटीसमोर छाती उघडलेल्या कुत्र्याला भात्याने वारा घालून तासाभराहून जास्त जगवलं होतं. फुप्फुसं हलली नाहीत तरी चालेल, त्यांना ताजी हवा मिळत राहिली पाहिजे, हे त्याने दाखवलं. पुढे १७६७ मध्ये अॅमस्टरडॅमला आणि १७७४ मध्ये लंडनला बुडालेल्यांना वाचवणाऱ्या संस्था निघाल्या. त्यांच्या साहित्यात भाता होता, आणि गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडायचं नळकांडंही! शहाणपण आणि खुळेपणा एकाच पेटीत.

१९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या कोवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती दाबून रक्त खेळतं ठेवायची रीत जाहीर केली. तिचाही माग कुत्र्यांवरच्या प्रयोगांतच लागला होता. आणि खुद्द कुत्र्या-मांजरांसाठी पुराव्यांवर आधारलेले असे नियम कधी आले? २०१२ मध्ये. ज्यांच्या जिवावर विद्या उभी राहिली, ते रांगेत शेवटी.

फळीवरच्या कुत्र्याचा जीव आत गेलेल्या पाण्याने घेतला, म्हणून आमच्या किनाऱ्यावर सुट्टीला आलेली मंडळी ‘काल लाटांत मस्त खेळला, आज जरा दमलाय’ म्हणतात तेव्हा मी आधी श्वास मोजायला बसतो. चेंडू धरताना गिळलेलं पाणी पोटात जातं, तसं थोडं श्वासनलिकेतही उतरू शकतं. फुप्फुसातले फुगे उघडे ठेवणारा पातळ थर ते बिघडवतं, मग फुगे मिटतात. खारं पाणी तर रक्तातला द्रव आत ओढून घेतं. हे सगळं घडायला कधी काही तास लागतात, कधी पुरता दिवस. त्यामुळे पाण्यातून शेपटी हलवत आलेलं कुत्रंही रात्री बिघडू शकतं.

दमल्याची धाप सावलीत बसवलं की उतरत जाते. फुप्फुसात पाणी गेल्याची धाप उतरत नाही. झोपेत मिनिटाला तीसच्या वर श्वास जात राहिले, खोकला थांबेना, कोपरं फाकवून आणि मान पुढे ताणून कुत्रं बसून राहिलं, आडवं व्हायला तयार नाही, श्वासासरशी पोट आत-बाहेर होतंय, तर वाट पाहू नका. हिरड्या निळसर किंवा पांढुरक्या दिसल्या, नाकातोंडाशी फेस आला, तर गाडी काढा. मागच्या पायांनी उलटं टांगून झटकू नका. फुप्फुसातला फेस तसा निघत नाही, वेळ मात्र जातो. त्याला हवाय ऑक्सिजन, म्हणून निघण्याआधी दवाखान्यात तो आहे का, हे फोन करून विचारा.

‘एवढ्यासाठी रात्री आणायचं का, डॉक्टर?’ असं पुष्कळ जण विचारतात. हो, आणायचं. तपासून काही निघालं नाही तर तुमची झोप मोडली एवढंच नुकसान, आणि माझीही.