खत लिहिणारा हात

तालुक्याच्या गांवीं दुय्यम निबंधकाच्या कचेरीसमोर, एखाद्या टपरींत किंवा झाडाच्या सावलींत, दस्तलेखक बसलेला असतो. तो वकील नव्हे. न्यायालयांत उभें राहून दोन शब्द बोलण्याचा त्यास अधिकार नाहीं. तरीपण घराची खरेदी, शेताचें गहाण, भावाभावांची वांटणी हीं सारीं त्याच्याच लेखणींतून उतरतात. आणि पुढें वीस वर्षांनीं कज्जा उभा राहिला म्हणजे विद्वान वकीलमंडळी त्यानें घातलेल्या एखाद्या शब्दावरून दिवसचे दिवस वाद घालतात. एवढ्या जबाबदारीचें काम करणाऱ्या मनुष्यास सरकारनें पारखून परवाना द्यावा, हें आज आपणांस स्वाभाविक वाटतें. परंतु ज्या प्रसंगानें ही गरज आपल्या महाराष्ट्रास पटवून दिली, तो प्रसंग मात्र विस्मृतींत चालला आहे. त्याचेंच थोडें स्मरण करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खत कसें लिहावें याचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतींत लेख्याचें स्वतंत्र प्रकरणच आहे. मजकूर पुरा झाल्यावर ऋणकोनें स्वतःच्या हातानें नांव घालावें, साक्षीदारांनीं बापाच्या नांवासह आपापली साक्ष घालावी, आणि अखेरीस लेखकानें, उभयतांच्या विनंतीवरून अमक्याचा पुत्र जो मी अमका त्यानें हें लिहिलें, असें नमूद करावें, असा तेथें दंडक आहे. यांतील 'उभयतांच्या विनंतीवरून' हा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लेखक हा धनकोचा चाकर नाहीं आणि ऋणकोचा सोयराही नाहीं. दोघांनींही ज्याच्यावर भरंवसा ठेविला असा तो तिसरा मनुष्य, ही त्यांतील मूळ कल्पना होय.

व्यवहारांत ही कल्पना कितपत टिकली हा प्रश्न निराळा. दख्खनच्या कुणब्यास अक्षरओळख नसे. खत मोडींत लिहिलें जाई आणि खालीं तो नांगराची निशाणी करी. आपण कशाखालीं नांगर काढला हें त्यास लिहिणारा सांगेल तेवढेंच कळे. तथापि जुन्या काळीं सावकाराची वसुली बहुतांशीं गांवाच्या भिडेवर अवलंबून असल्यामुळें कागदाचें वजन बेताचेंच होतें. तें वजन एकाएकीं वाढलें तें इंग्रजी अमलांत.

१८५९ सालच्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खतावरील फिर्यादीस तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु असा कीं, शिळीं कर्जें उकरून कुळास कोणीं छळूं नये. घडलें मात्र उलट. दर तीन वर्षांनीं सावकार जुनें खत बदलून नवें घेऊं लागला. थकलेलें व्याज मुद्दलांत मिळे आणि त्या फुगलेल्या मुद्दलावर पुन्हा व्याज चढे. पुढें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, करार एकदां लेखांत उतरल्यावर त्याच्या अटींस बाध आणणारा तोंडी पुरावा सामान्यतः घेऊं नये. म्हणजे कागद बोलेल तें खरें. आणि कागद लिहिणारा बहुधा सावकाराच्याच ओसरीवर बसलेला! कुणबी न्यायाधीशापुढें शपथेवर सांगे कीं, मला एवढे रुपये मिळालेच नाहींत. पण त्याचाच नांगर त्याच्याविरुद्ध साक्ष देत असे.

अमेरिकेंतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव उतरले, सरकारी धाऱ्याची आकारणी वाढली, आणि कर्जाचा फास आवळला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा उसळला व तो पुणें आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. या दंग्यांत लोकांची मागणी एकच होती: आमचीं खतें बाहेर काढा. खतें व वह्या हातीं लागल्या कीं त्यांची होळी होई; जेथें सावकारानें त्या मुकाट्यानें दिल्या तेथें बहुधा त्याच्या अंगास हात लागला नाहीं. निरक्षर मनुष्यानें कागदावर उगविलेला हा सूड होता.

सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमिलें. त्याचा अहवाल १८७८ सालीं पार्लमेंटपुढें आला, आणि पुढच्याच वर्षीं, १८७९ सालीं, पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीं 'दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा' झाला. त्यांत गांवचा रजिस्ट्रार म्हणून एक नवा अधिकारी निर्माण केला होता. शेतकऱ्यानें करून द्यावयाचें खत या रजिस्ट्रारानें स्वतः लिहावें अथवा आपल्या देखरेखीखालीं लिहवावें; लिहून झाल्यावर तें मोठ्यानें वाचून दाखवावें; मोबदला काय तें स्पष्ट नमूद करावें, आणि पैसा समक्ष दिला गेला कीं नाहीं याचा शेरा मारावा; पूर्वीच्या खताऐवजीं हें नवें असेल तर जुनें खत समोर आणवून त्यावर खूण करावी; असल धनकोस द्यावें आणि खरी नक्कल कुळाच्या हातीं ठेवावी. या रीतीनें न झालेलें खत न्यायालयांत पुराव्यास घेण्यास मनाई होती. शिवाय शंभर रुपयांपर्यंतच्या लहान दाव्यांत सामान्यतः वकिलासही बंदी केली होती. याज्ञवल्क्याचा 'उभयतांचा लेखक' जणूं सरकारी मोहोर घेऊन परत आला!

यानें काम भागलें काय? पुरतें नाहीं. अक्षराची लबाडी कमी करण्याची तजवीज झाली, परंतु गरजेची लाचारी तशीच राहिली. पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठीं अडलेला मनुष्य रजिस्ट्रारासमोर, मला पुरे रुपये पोंचले, असें न पोंचतांही सांगतो. त्याला लेखकानें काय करावें? गहाणाच्या वाटेवर कायद्याचा पहारा बसला तेव्हां सावकार सरळ खरेदीखत करून घेऊं लागले. पैसे फेडलेस कीं जमीन परत देईन, एवढें तोंडी वचन तेवढें कागदाबाहेर राही. शेवटीं व्यवहाराचें खरें स्वरूप कागदापलीकडे जाऊन शोधण्याचा अधिकार न्यायालयास देणारें कलम या कायद्यांत घालावें लागलें. या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या स्पेशल जज्जाच्या जागीं १८८७ पासून न्यायमूर्ति रानडे होते. ज्या विद्वानानें देशाच्या दारिद्र्याची मीमांसा केली, तोच कुणब्यांच्या खतांचे निवाडे तपाशीत होता, ही गोष्ट आम्हांस फार बोधप्रद वाटते.

पुढें कर्जनिवारणाचे नवे कायदे आले आणि गांवचा रजिस्ट्रार इतिहासजमा झाला. आज दस्त संगणकावर उतरतो, नांगराच्या जागीं छायाचित्र व अंगठ्याचा ठसा आला आहे, आणि कांहीं राज्यांत दस्तलेखकास परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. हें सर्व योग्यच आहे. परंतु त्या जुन्या कायद्याच्या रकान्यांतून आम्हांस जर एकच कर्तव्य राखून ठेवण्यास कोणीं सांगितलें, तर आम्ही परीक्षा किंवा मोहोर निवडणार नाहीं. 'मोठ्यानें वाचून दाखवावें' हें लहानसें वाक्य निवडूं. कारण आम्हां शिकलेल्या मंडळींची स्थिति तरी काय आहे? बँकेचें कर्ज काढतांना वा सदनिकेचा करार करतांना तीस तीस पानांवर आम्ही न वाचतां सह्या ठोकतों. आमची सही कितीही वळणदार असो, त्या क्षणीं आम्हीही नांगरच काढीत असतों.